हात खाली येईपर्यंत

गुरुवारी दुपारी सव्वाबाराला पुष्पाबाई स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणाल्या, "सर, ती पोरगी हालत नाहीये." प्रशील तेव्हा डबा उघडत होता, आणि त्याला आधी वाटलं की बाई कपाटाच्या दाराबद्दल नाहीतर हॉलच्या जाम झालेल्या खिडकीबद्दल बोलतायत, कारण हालत नाही असं आपण वस्तूबद्दल बोलतो ना, पोरीबद्दल कोण बोलतं. पुष्पाबाई शाळेतल्या मावशी, झाडलोटीपासून पोरांची नाकं पुसण्यापर्यंत सगळं त्याच बघतात, आणि त्या कधी कशाने घाबरत नाहीत, एकदा मधल्या सुट्टीत साप निघाला तेव्हा त्यांनी तो खराट्यानेच बाहेर नेला होता. पण आत्ता त्यांचा चेहरा कसातरीच झालेला. मग तो उठला, हातात मोबाईल तसाच, आणि हॉलमध्ये गेला, तर किरण उभी होती. केजीतली किरण, पाच वर्षांची, दोन वेण्या. डाव्या हाताने नाक धरलेलं, त्या हाताच्या कमानीतून उजवा हात बाहेर काढून सरळ वर उचललेला. हत्ती. सोंड वर केलेला एवढासा हत्ती, एकटाच, रिकाम्या हॉलच्या मधोमध. सोंड थरथरत होती, म्हणजे थंडीत थरथरतं तसं नाही, खूप भरलेली बादली उचलल्यावर हात थरथरतो तसं. आणि खाली फरशीवर पाणी होतं, तिच्या पांढऱ्या मोज्यांपाशी, आणि ते पाणी नव्हतं हे कळायला प्रशीलला जरा वेळ लागला. ती रडत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. तोंडाकडे नाही, हाताकडे. त्याने मोबाईल खिशात टाकायला हात खाली नेला, आणि त्या क्षणी तिची सोंड खाली आली. नाक सोडलं, लांब श्वास घेतला आणि विचारलं, "सर, मी जिंकले?"

आता हे काय होतं, तर खेळ होता. प्रशील त्या शाळेत म्युझिक सर. जळगावात रिंगरोडच्या आतल्या गल्लीत दुमजली शाळा, जूनपासून लागलेला, नाताळपर्यंत ट्रायल. पोरांना वाद्य वगैरे नंतर, आधी शब्द शिकवायचे, इटालियन शब्द, कारण कीबोर्डच्या परीक्षांना तेच लागतात आणि पालकांना ते ऐकून बरं वाटतं. आता पाच वर्षांच्या पोराला फोर्ते म्हणजे जोरात असं सांगून काय होणार, दुसऱ्या दिवशी विसरतं. म्हणून त्याने सगळ्याचे खेळ केले होते. फोर्ते म्हटलं की हत्तीसारखं धप्पधप्प चालायचं. पियानो म्हटलं की मांजर. स्टकातो म्हणजे मे महिन्यात अनवाणी गच्चीवर गेल्यावर पाय कसे उचलतो तसं, चटचट, आणि जळगावच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. लेगातो म्हणजे केळं असं सोलायचं की साल कुठे तुटलं नाही पाहिजे, सगळी पोरं हवेतली केळी सोलायची, डोळे मिटून, आणि तो कीबोर्डवर एक लांबलचक सूर ओढत न्यायचा. दा कापो म्हटलं की धावत भिंतीला हात लावून पुन्हा पहिल्यापासून. आणि शेवटचा फर्माता. त्याची खूण कागदावर काढली की अर्धा गोल आणि खाली एक ठिपका, पोरं त्याला छत्रीवाला म्हणायची. पुस्तकात त्याचा अर्थ लिहिलाय की हा सूर जरा जास्त धरायचा, किती जास्त ते वाजवणाऱ्याने आपल्या समजुतीने ठरवायचं. पण पोरांना समजुतीने वगैरे कसं सांगणार. म्हणून प्रशीलने त्यांना सांगितलं, माझा हात वर गेला की जिथे आहात तिथे, जसे आहात तसे, आणि हात खाली येईपर्यंत कुणी हलायचं नाही. काही झालं तरी नाही. हा नियम पुस्तकातला नव्हता. हा त्याच्या बापाच्या बँडमधला होता, आणि हे त्याचं त्यालाही गुरुवारपर्यंत लक्षात आलेलं नव्हतं.

त्या दिवशी पावणेबाराला तास संपत आलेला, पोरं हत्ती होऊन धप्पधप्प करतायत, त्याने हात वर केला, सगळे हत्ती थांबले, आणि खिशात फोन वाजला. बापाचा. देवचंद कधी शाळेच्या वेळेत फोन करत नाही. प्रशील हात वर ठेवूनच दुसऱ्या हाताने फोन काढत बाहेर गेला, आणि जिन्यावरून खाली, पार गेटपर्यंत गेला, कारण बापाशी तो अहिराणीत बोलतो आणि बँडचं बोलतो, आणि शाळेत यातलं काहीही कुणाला माहीत नाही. शाळेत तो म्युझिक सर आहे. देवचंद म्हणत होता की रविवारी धुळ्यात वरात आहे, गाडीवर कॅसिओ वाजवणारा पोऱ्या आजारी पडलाय, येशील का, आणि प्रशील हो-नाही, नाही-हो करत होता. तेवढ्यात घंटा झाली, व्हॅनवाल्यांचे हॉर्न वाजले, वीस हत्ती दप्तरं घेऊन त्याच्या शेजारून धावत गेटबाहेर गेले. किरण व्हॅनने जात नाही. तिला एक वाजता तिची आजी घ्यायला येते, तोवर ती पुष्पाबाईंपाशी बसते, आणि पुष्पाबाई तेव्हा छोट्यांना व्हॅनमध्ये चढवत होत्या आणि नंतर वरच्या मजल्यावर दुसऱ्या टोकाचे वर्ग झाडत होत्या. अशी तीस मिनिटं झाली. हे सगळं त्याने नंतर घड्याळाशी लावून बघितलं, परत परत, आणि दर वेळी तीसच यायची. फक्त एक तुकडा कुठेच बसत नव्हता. फोन संपल्यावर तो वर आला, आणि वर आलं की हॉलच्या खिडकीवरूनच स्टाफरूमकडे जावं लागतं. त्या खिडकीची काच अर्धी दुधी आहे, अर्धी साधी. तो तिथून गेला. आणि काहीतरी दिसलं होतं. किंवा नव्हतं. काहीतरी उभं, मधोमध, वर टोक असलेलं. मग तो पाणी प्यायला माठापाशी गेला, हे त्याला नक्की आठवतं, पाणी गार होतं आणि त्याला बरं वाटत होतं, एकदम छान, आणि का छान वाटत होतं ते आठवत नाही.

पुनम मॅडमनी त्याला आत बोलावलं तेव्हा किरणला पुष्पाबाईंनी बदलायचे कपडे घातले होते. पुनम मॅडम मुख्याध्यापिका, वाईट नाहीत, उलट फार काळजी घेणाऱ्या, आणि काळजी घेणारी माणसं लगेच रजिस्टर उघडतात. त्या म्हणाल्या की बाकी वीस मुलं घंटा झाल्यावर पळाली, मग हीच का उभी राहिली, अंगावर झालं तरी हलली नाही, हे नॉर्मल आहे का. प्रशील उभा होता. त्याला सांगायचं होतं की मॅडम, हात माझा होता. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. पण ते वाक्य बोललं की पुढचं वाक्य येणार, तुम्ही कुठे होतात, मग फोन, मग कोणाचा फोन, मग बँड, मग वरात, आणि त्याला ते सगळं गेटमधून आत येताना दिसायला लागलं, ढोलासकट, झगमगीत टोप्यांसकट. मॅडमनी पेन उघडलं आणि विचारलं, "ती असं नेहमी करते का? तुमच्या निरीक्षणात?"

"हो," प्रशील म्हणाला. "कधी कधी."

बस, एवढंच. दोन शब्द, आणि मॅडमनी ते लिहून घेतले, वर तारीख टाकली. मग त्या म्हणाल्या की सोमवारी आईला बोलावू, तपासणी करून घ्यायला सांगू, रिपोर्ट आल्याशिवाय पहिलीत घेता येणार नाही, आपल्याकडे अशा मुलांसाठी वेगळी सोय नाही, तिच्याच भल्याचं आहे. अशा मुलांसाठी. प्रशील बाहेर आला तेव्हा किरण बाकावर बसून पाय हलवत होती, शाळेच्या कपाटातला कुणाचातरी ढगळ फ्रॉक घालून, आणि त्याला बघितल्याबरोबर तिचे पाय थांबले.

शुक्रवारी तास घेतला त्याने खिशात हात घालून. खरंच, दोन्ही हात खिशात, आणि तोंडानेच सगळं, फोर्ते, पियानो, लेगातो, आणि पोरांना वाटलं हा पण एक नवीन खेळ आहे, तर सगळी पोरं खिशात हात घालून केळी सोलायला लागली, आता खिशात हात घालून केळं कसं सोलणार, तर हसून हसून लोळली. एक जण किरणला हत्ती हत्ती म्हणाला आणि दुसरी म्हणाली तिने शू केली. किरण हसत नव्हती, रडत पण नव्हती. ती आपली त्याच्या खिशाकडे बघत होती. तास संपताना तिने विचारलं की आज छत्रीवाला नाही का, आणि तो म्हणाला, नाही, छत्रीवाला संपला, तर तिने मान हलवली, मोठ्या माणसासारखी, म्हणजे बरं, संपला तर संपला. त्याला कळेना की आपण हिच्यावर दया करतोय, का हिला घाबरतोय, का आपल्याला हिचं कौतुक वाटतंय, आणि तिन्हीत कौतुकाचीच भीती जास्त वाटली. त्या दिवशी पोहे खाताना, कपडे धुताना, घरमालकिणीला टाकीतल्या पाण्याबद्दल उत्तर देताना, मनात एकच चाललेलं, की मी पाहिलं का. पाहिलं असेल तर मी कोण. पाहिलं नसेल तर मग एवढं आठवतं कसं. आणि सांगितलं तर काय, नोकरी जाईल, बँडच्या गाडीवर बसेन, आणि न सांगितलं तर ती पोरगी जन्मभर कागदावर ‘कधी कधी’.

शनिवारी दुपारच्या गाडीने तो धुळ्याला निघाला. एरंडोल, पारोळा, सगळा पाठ असलेला रस्ता, कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या रस्ताभर, आणि गाडीतल्या गाडीत त्याच्या डोक्यात पिंपळनेर चालू झालं. तो आठ वर्षांचा होता. उन्हाळ्याची सुट्टी. तेव्हा बँडची गाडी वगैरे नव्हती, सगळं पायी, देवचंद क्लॅरिनेट वाजवायचा आणि पोरगा बरोबर, हातात झांजा. वरात साक्रीच्या पुढून पिंपळनेरला, भर दुपारी चारची, ऊन असं की झांजेचं पितळ हाताला भाजत होतं. पुढे मास्तर, रुपचंदभाऊ, लाल कोट, पाठमोरे. आणि एका गल्लीच्या तोंडाशी रुपचंदभाऊंनी हात वर केला. कारण पुढे मयताचं घर होतं, त्याच दिवशी सकाळी कोणी म्हातारं गेलेलं, दारात माणसं बसलेली, आणि मयताच्या दारावरून वाजवत जायचं नाही ही बँडची रीत, ते कुणाला शिकवावं लागत नाही. पण दुसरी रीत रुपचंदभाऊंची स्वतःची होती, की वाजवणं थांबलं तरी वाद्य खाली करायचं नाही. कॉर्नेट ओठांना तशीच, काठी ढोलावर तशीच, क्लॅरिनेटवर बोटं तशीच, आणि असं मुक्याने चालत जायचं, सगळ्यांनी, हात खाली येईपर्यंत. रुपचंदभाऊ म्हणायचे, वाद्य खाली केलं तर ते थांबलेलं दिसतं, वर धरलं तर त्या माणसासाठी थांबलेलं दिसतं. प्रशीलच्या झांजा तेव्हा उघड्या होत्या. एक इकडे, एक तिकडे, छातीसमोर हात पसरलेले. तसेच ठेवले त्याने. चालत राहिला. दारातली माणसं बघत होती, एका बाईने त्याच्याकडे बघून पदर तोंडाला लावला. घाम डोळ्यात गेला तरी पुसला नाही. घर मागे गेलं, गल्ली मागे गेली, आणि कधीतरी त्याला ऐकू आलं की सगळे वाजवतायत, आपणच तसे चाललोय, हात पसरून. किती वेळ, ते त्याचं त्याला आठवत नाही. खांद्यात जी कळ होती ती त्याला आत्ता पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तरी लागत होती, आणि मजा म्हणजे ती कळ आठवली की त्याला अजूनही अभिमान वाटायचा. आयुष्यात पहिल्यांदा आपण सगळ्यांत चांगलं काहीतरी केलं, असं. पुढे कीबोर्ड, परीक्षा, सर्टिफिकेटं, सगळं झालं, पण तसं पुन्हा नाही वाटलं.

रविवारी वरात वाजली. तो गाडीवर कॅसिओपाशी बसला, भोंगे कानाशी, पुढे पोरं नाचतायत, आणि त्याची बोटं आपोआप चालत होती आणि मनात किरणचे मोजे. आईने, सविताबाईने, सकाळी त्याला बघून म्हटलेलं की पोऱ्या वाळला, जळगावचं पाणी लागत नाही का, तर तो हसला होता. वरात मारुतीपाशी पोचली, नवरदेव उतरला, आणि वाजवणारे सगळे एका टपरीवर चहाला बसले. रुपचंदभाऊ आता सत्तरीच्या पुढचे, वाजवत नाहीत, पण गाडीपुढे चालतात, लाल कोट घालूनच. त्यांनी प्रशीलला जवळ बसवून घेतलं आणि तुन्ही शाळा कशी शे, पोऱ्यास्ले काय शिकाडस म्हणून विचारलं. मग प्रशीलने सांगितलं, हत्ती, मांजर, केळं, छत्रीवाला, आणि ती इटालियन नावं, तर सगळे हसायला लागले. ढोलवाला म्हणाला, म्हणजे आम्ही एवढी वर्षं इटालियन बोलत होतो आणि आमचा पगार गावठीच. देवचंद म्हणाला, आम्हन्यामा बी बठ्ठं हेच शे, फक्त कोन्ही नाव नही ठेवं, म्हणजे सगळं हेच, फक्त त्याला नावं कुणी दिली नाहीत. आणि हसू ओसरल्यावर प्रशीलने रुपचंदभाऊंना विचारलं की तुम्ही हात वर करायचा, तो खाली कधी करायचा ते कसं कळायचं. रुपचंदभाऊंनी बशीतला चहा संपवला.

"ते काय मोजानं ऱ्हास का भाऊ," ते म्हणाले. "घर मांगे पडनं का समजस. पन मांगे वळीसन देखनं पडस. आपलाच हात वर शे, हे आपलेच ध्यानमा ऱ्हायनं पाहिजे."

मागे वळून बघावं लागतं. आपलाच हात वर आहे हे आपणच ध्यानात ठेवायचं. एवढं बोलून ते दुसऱ्या कुणाशी भडगावच्या तारखेबद्दल बोलायला लागले. प्रशीलला वाटलं आता बापाला विचारावं, काय विचारावं ते नक्की ठरेना, आणि त्याच्या तोंडून पिंपळनेर निघालं. मी तेव्हा झांजा किती वेळ धरल्या होत्या, बाबा, असं. देवचंदच्या चेहऱ्यावर लगेच प्रकाश पडला, कारण ही त्याची आवडती गोष्ट, तो ती सगळ्या पाहुण्यांना सांगतो. तो म्हणाला की पार विहिरीपर्यंत. सगळे वाजवायला लागले, आणि हा आपला हात पसरून, डोळे समोर, विहिरीपर्यंत. "मी देखी ऱ्हायंतू ना," देवचंद म्हणाला. म्हणजे तो बघत होता.

प्रशीलने विचारलं की मग सांगितलं का नाही.

"बरं दिसत व्हतं," बाप म्हणाला. आणि हसला, प्रेमाने, अगदी मनापासून, आणि प्रशीलच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका तिथेच.

म्हणजे काय झालं बघा, की बापाचा राग नाही आला. राग आला असता तर सोपं होतं. त्याला ते समजलं, बरं दिसत होतं हे त्याला आतून, पोटातून समजलं, आणि समजल्याबरोबर ती दुधी काच समोर आली. खालचा भाग धूसर, वरचा साफ, आणि साफ भागात एक छोटा हात, सरळ वर. आणि तो माठातलं गार पाणी पीत उभा, आणि छान वाटतंय. कारण वीस पळाली, पण एक उभी आहे. एकाला तरी कळलं. मग त्याच्या मनात असं काही आलं होतं का की राहू दे जरा, बघू किती वेळ, का तसं काही आलंच नव्हतं आणि हे तो आत्ता, टपरीवर बसून, बापाच्या शब्दांनी भरतोय. त्याला ठरवता येईना. आठवण अशी असते का, की कुणीतरी रिकामा साचा देतं आणि आपण त्यात ओततो. आणि बाप म्हणून, सर म्हणून, मास्तर म्हणून जे हात वर करतात त्यांना सगळ्यांना असंच बरं दिसत असतं का. चहा गार झाला. देवचंद विचारत होता, काय रे, काय झालं, तर तो म्हणाला काही नाही, ऊन लागलं. नोव्हेंबरात.

सोमवारी साडेदहाला किरणची आई आली. दिपमालाबाई, एसटीत कंडक्टर, खाकी कपड्यांत, तिकिटाचं मशीन खांद्याला, बाराची ड्युटी होती म्हणून तशीच आलेली. किरण बाहेर बाकावर बसली. आत मॅडमनी फार हळू आवाजात सगळं सांगितलं, तपासणीचं, रिपोर्टचं, पहिलीचं, आणि रजिस्टर त्यांच्यापुढे फिरवलं. दिपमालाबाई बोटाने ओळ धरून वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या की घरी तर ही एक मिनिट जागेवर बसत नाही. मॅडम म्हणाल्या, संगीताच्या सरांचंही निरीक्षण आहे. मग दोघी प्रशीलकडे बघायला लागल्या. त्याचे हात खिशात होते. ते त्याने बाहेर काढले आणि बाहेर काढल्यावर कुठे ठेवायचे कळेना.

मग त्याने सांगितलं. सलग नाही, तुकड्यातुकड्याने, आधी नियम, मग फोन, मध्येच पिंपळनेरचं काहीतरी, जे त्या दोघींना समजण्याचं काही कारण नव्हतं, मग परत फोन. ‘कधी कधी’ हे खोटं आहे, असं म्हणाला. ती आधी कधीच अशी थांबलेली नाही. हात वर करून मी गेलो आणि खाली न करता गेलो. बाप बँडमध्ये आहे, त्याचा फोन होता, तो तुमच्यापुढे घ्यायची मला लाज वाटली. पुनम मॅडमचं पेन टेबलावर आडवं पडलं. दिपमालाबाई म्हणाल्या, "माझी गाडी एका घंटीला थांबते, आणि दोन घंट्या दिल्याशिवाय ड्रायव्हर ती हलवत नाही. सुट्टीत ती माझ्याबरोबर येते, पुढच्या सीटवर बसते. तिला माहितेय ते. तुम्ही एक घंटी देऊन निघून गेलात, सर." आणि मग पुढे वाकून विचारलं, "नंतर पाहिलं होतं का तुम्ही तिला? उभी आहे म्हणून?"

माहीत नाही, असं तो म्हणणार होता. ते खरं होतं, चार दिवस तेवढंच खरं होतं. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून त्याला दिसलं की माहीत नाही म्हटलं की ते पण एक ‘कधी कधी’च होईल.

"पाहिलं होतं," तो म्हणाला. बोलल्यावर त्याला वाटलं पायाखालची फरशी एक बोट खाली गेली. आणि आता ते खरंच तसं होतं की आता तसं झालं, हे त्याला कळलं नाही, आणि कळायची वाटही त्याने पाहिली नाही.

दिपमालाबाईंनी रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं. त्याने मॅडमच्याच पेनाने ती ओळ खोडली, शेजारी लिहिलं की हे माझं चुकीचं निवेदन होतं, चूक माझी, आणि सही केली, तारीख टाकली. तपासणीचा कागद मॅडमनी टेबलावरून उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. पहिलीचं काही अडत नाही मग, असं त्या दिपमालाबाईंना म्हणाल्या, आणि प्रशीलला म्हणाल्या की तुमचं आपण उद्या बोलू, आणि तो आवाज असा होता की उद्या बोलण्यासारखं काही उरलेलं नाही हे त्याला समजलं. तो दाराकडे निघाला तेव्हा दिपमालाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला सांगितलंत ते ठीक. तिला कोण सांगणार?"

किरण बाकावर होती. तो तिच्यासमोर फरशीवर बसला, म्हणजे उकिडवा बसला, मग पाय दुखले म्हणून मांडी घातली. त्याला पाच वर्षांच्या पोरांशी बोलायला येतं, तेच तर त्याला येतं, हत्ती, मांजर, पण आत्ता एकही प्राणी सुचेना. तो म्हणाला, "किरण, त्या दिवशी तू उभी होतीस ना, ते मी खिडकीतून बघितलं होतं. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, की झालं, जा. नाही सांगितलं. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

ती ऐकत होती. कपाळावर एक बारीक आठी आली, हिशेब जुळत नसताना येते तशी. सरांचं चुकतं हे तिला कुठे ठेवावं समजत नव्हतं. तिने दाराकडे बघितलं, आई दारात येऊन उभी होती, मग परत त्याच्याकडे बघितलं. आणि हळू आवाजात म्हणाली, "मला शू लागली होती."

"हो," प्रशील म्हणाला.

"खूप लागली होती," ती म्हणाली, जरा मोठ्याने. "हात पण दुखत होता. मी सांगणार होते. तुम्ही नव्हतेच." आणि मग तिचा चेहरा सुरकुतला आणि ती रडायला लागली. गुरुवारचं रडू सोमवारी. तोंड पूर्ण उघडून, असं की वरच्या मजल्यावरच्या वर्गातली पोरं गप्प झाली, पुष्पाबाई जिन्यात खराटा घेऊन थांबल्या. प्रशीलला वाटलं गप्प हो म्हणावं, पाणी आणावं, उठून निघून जावं, राहावं, काहीच कळेना. दिपमालाबाई आल्या, बाकावर बसल्या, तिकिटाचं मशीन काढून बाजूला ठेवलं आणि घड्याळाकडे एकदा बघून ते घड्याळ बाहीखाली ढकललं. किरण रडत होती. तिला कुणी थांबवलं नाही.